इमो म्हणजे मावशी

प्रवासवर्णनं मी पुष्कळ वाचली, पण सगळी दुसऱ्यांच्या घरी. कणीक भिजवून झाकली की वीस मिनिटं मिळतात. तेवढ्या वेळात, ओट्याशी उभ्याउभ्या, ज्यांच्याकडे मी पोळ्या करायचे त्यांचे दिवाळी अंक वाचून काढले. कुणी हिमालयात गेलेलं, कुणी युरोपात. त्या माणसांना डोंगर दिसला की लगेच शांत वाटतं. मला अमेरिकेत चार महिने राहून एक दिवस शांत वाटलं नाही. तेव्हा माझं वर्णन त्या जातीचं होणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

नागपूरला परत येऊन पंधरा दिवस झाले. गल्लीतल्या बायका येतात आणि विचारतात, काय काय पाहिलं? पांढरी इमारत पाहिली, तिच्यापुढे फोटो काढला. खूप रुंद रस्ते पाहिले. पण सांगावंसं वाटतं ते एका कोरियन गावाचं. आता अमेरिकेत कोरियन गाव कुठून आलं म्हणाल, तर ऐका.

माझा एकुलता एक मुलगा नितीन व्हर्जिनियात हर्नडन गावात कंप्युटरच्या नोकरीत आहे. सकाळी तो लॅपटॉप उघडून बसला की घरात हूं की चूं नाही. भांडी मशीन घासतं, कपडे मशीनच धुतं आणि वाळवतंही मशीनच. मी आपली खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. "आई, बस ना जरा," नितीन म्हणायचा. अरे बाप्पा! बावीस वर्षं रोज पाच घरं केलेल्या बाईला बस म्हणतोस, कसं बसायचं तेही शिकव. नितीनचे बाबा तो चौथीत असताना गेले, तेव्हापासून मी बसलेली नाही.

पण तळमळीचं खरं कारण दुसरंच होतं. गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या ऑफिसातल्या एका मराठी कुटुंबाकडे जेवायला गेलो. बाई चांगल्या होत्या. मला म्हणाल्या, "काकू, तुमचा केटरिंगचा बिझनेस होता ना नागपूरला? नितीन सांगत होता. किती माणसं होती हाताखाली?" मी नितीनकडे पाहिलं. तो ताटातल्या भाताकडे पाहत होता. मी म्हटलं, "होती दोन-तीन." खोटं त्यानं सुरू केलं होतं, पण त्यावर शिक्का मीच मारला.

घरी आल्यावर विचारलं, तर म्हणे कॉलेजच्या होस्टेलला एकदा तसं तोंडातून गेलं, मग तेच चालत राहिलं. आणि तेच त्यानं मुग्धालाही सांगितलं होतं. मुग्धा म्हणजे पुण्याची मुलगी, तीही व्हर्जिनियातच नोकरीला. नितीनला तिच्याशी लग्न करायचं आहे आणि दिवाळीनंतर तिचे आईवडील आमचं घर बघायला नागपूरला येणार असं ठरलं होतं. या इकडे! आमच्या गल्लीत माझं नाव घेऊन विचाराल तर कुणालाही सांगता येणार नाही. पोळीवाल्या मावशी म्हटलं की शेंबडं पोरगंसुद्धा दारापर्यंत आणून सोडेल.

शनिवार, ॲनंडेल

नितीन टाळत आला होता, म्हणून मी परत निघायला आठवडा उरला तेव्हा, त्या शनिवारी, मुग्धाशी माझी पहिली भेट. घरात भेटायचं तर मी येरझारा घालणार, म्हणून नितीननं ठरवलं की ॲनंडेलला जाऊ. हर्नडनहून पाऊण तासावर. तिथं कोरियन लोकांनी आपलं गावच वसवलंय.

मुग्धाला घ्यायला जाताना गाडीत मी विचारलं, "आज सांगशील ना तिला?"

"आई, प्लीज. आज नको."

"मग कधी? पत्रिकेवर छापतो का? 'आमचे येथे श्रीकृपेकरून' च्या खाली?"

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी उभीच, मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा हलली.

मुग्धा उंच, केस मानेपर्यंत कापलेले, आणि बोलणं पुणेरी, म्हणजे एकेक अक्षर धुऊन वाळवून ठेवल्यासारखं. पण गाडीत बसताबसता वाकून नमस्कार केला, तोही सीटबेल्ट अर्धा लावलेला असताना, आणि डोकं दारावर आपटलं. "आई गं!" म्हणाली आणि हसली. मला पोरगी तिथंच आवडली, आणि आवडली म्हणून जीव आणखीच खालीवर व्हायला लागला.

गाव म्हटल्यावर मला वाटलं, वेस असेल, बाजार असेल. आहे काय, तर मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसकी दुकानं, पुढं गाड्या लावायला मोकळं आवार, आणि पाट्याच पाट्या. पाट्यांवर गोल, काठ्या, चौकोन. आपल्या अक्षरांना वरून रेघेचा आधार असतो, यांची अक्षरं सुटीसुटी उभी. दातांचा डॉक्टर कोरियन, विम्याचं ऑफिस कोरियन, चर्चवरची पाटीसुद्धा कोरियन. घर सोडून इतक्या लांब यायचं आणि येताना गल्लीच उचलून आणायची, हे मला पटलं.

आधी बेकरीत गेलो. कोरियन बेकरीत हातात ताट आणि चिमटा देतात, आपल्याला हवं ते आपण उचलायचं. मी एक गोल पाव उचलला, चावा घेतला आणि आत पाहते तर पुरण! हरभऱ्याच्या डाळीचं नव्हे, लाल चवळीसारख्या दाण्यांचं. वेलदोडा नाही, जायफळ नाही, पण वाटलेलं, गोड केलेलं पुरणच.

"जरा सैल झालंय," मी म्हटलं. "आणखी आटवायला हवं होतं. सराटा उभा राहिला पाहिजे."

मुग्धा कौतुकानं बघून राहिली होती. "काकू, तुम्ही बिझनेसमध्ये पुरणपोळीच्या ऑर्डर्स घ्यायचात?"

"होळीला घ्यायचे," मी म्हटलं. हेही तसं खोटं नव्हतं. होळीला पाचही घरच्या पोळ्या मीच लाटायचे. नितीन चिमटा घेऊन पलीकडच्या मांडणीशी गेला आणि उगाच पाव उलटेपालटे करत राहिला.

मग त्यांचं किराणा दुकान. दुकान कसलं, एस.टी. स्टँडएवढं. मुळे तर दुधीभोपळ्याएवढे, वाळवलेल्या माशांच्या पाट्या भरलेल्या, वास थेट सुकटीचा. लाल तिखटाच्या पोत्याशी मात्र मी थबकले. चिमूट बोटावर घेऊन पाहिली. रंग भिवापुरी मिरचीचा आणि तिखटपणा नावाला. "हे नुसतं दिसायला," मी म्हटलं, आणि मग वाटलं, आपण तरी दुसरं काय करून राहिलो इथं.

जेवायला ज्या हॉटेलात गेलो तिथं दहा-बारा टेबलं. बसल्याबरोबर न मागता सहा-सात वाट्या समोर आल्या: मोड आलेल्या दाण्यांची कोशिंबीर, काकडी, पालक, बटाटा, तिखटात मुरवलेला लाल कोबी. मला तर पानाची डावी बाजूच वाढल्यासारखं वाटलं. आणि संपलं की पुन्हा वाढतात, पंगतीसारखं. "कोबी नको खाऊ आज, त्यात मासळीचं पाणी असतं," नितीन म्हणाला. मी शनिवार पाळते. म्हणून घरून पोळ्यांचा स्टीलचा डबाही नेला होता, कुठं काही नाहीच मिळालं तर.

वाढणारी बाई माझ्याच वयाची. आखूड कुरळे केस, कमरेला एप्रन, पायांत रबरी चपला आणि चालणं असं की दहा टेबलांत एक फेरी रिकामी जात नव्हती. जाताना पाणी, येताना खरकटं. ती चाल मी ओळखली. कोपऱ्यातल्या टेबलावरून एक तरुण ओरडला, "इमो!" ती वळली. दुसरीकडून हाक, "इमो!"

"नाव आहे वाटतं तिचं," मी म्हटलं.

"नाही," नितीन म्हणाला. त्याच्या ऑफिसात कोरियन मित्र आहे, त्याला बरंच माहीत. "इमो म्हणजे आईची बहीण. मावशी. हॉटेलात वाढणाऱ्या बाईला इथं इमो म्हणतात. रिस्पेक्टनं."

"अय्या, आपल्यासारखंच!" मुग्धा म्हणाली. मग मजेत, पुढची रिकामी वाटी उचलून, अगदी घरातल्या सुरात तिनं हाक मारली, "मावशी, जरा कोशिंबीर वाढा ना!"

आणि मी उठले.

मला कळलंच नाही. तो सूर बावीस वर्षं कानात गेलेला. मावशी, एक गरम पोळी. मावशी, जरा मीठ. माझी खुर्ची मागं सरली, डावा हात वाटीकडे गेला, उजवा पदर खोचायला. वाटी घेऊन दोन पावलंही टाकली स्वयंपाकघराच्या दिशेनं. समोरून ती बाई हातात तापलेलं दगडी भांडं घेऊन येत होती. आमची टक्कर व्हायची, पण तिनं भांडं वर उचललं आणि ओरडली, "आइगो!"

मला तर स्पष्ट 'आई गं' ऐकू आलं. म्हटलं, ही बाई मराठी निघाली की काय!

मुग्धाचा चेहरा उतरला होता. "काकू, अहो मी त्यांना... तुम्हाला नाही..."

"आईला सवय आहे," नितीन घाईनं म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "म्हणजे केटरिंगमध्ये, यू नो, शी वॉज व्हेरी हँड्स-ऑन."

मी परत बसले. त्या बाईनं भांडं माझ्यापुढे ठेवलं. भात, वर भाज्या, तळाशी तडतडत होतं. ठेवताना तिची बाही वर गेली आणि मनगटाच्या आत मला डाग दिसला, बोटभर, तपकिरी. माझ्याही हातावर त्याच जागी आहे, तव्याच्या कडेचा. तिनंही पाहिला असणार, कारण तिनं माझ्या बांगड्या बोटानं वर सरकवल्या, डाग बघितला, आपला दाखवला आणि मान हलवली. हे सगळं दोन क्षणांत. मग पुढच्या फेरीत तिनं न मागता तीन वाट्या आणून ठेवल्या, दालचिनी-आल्याचं गार गोड पाणी, आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "सर्व्हिस!"

"म्हणजे फुकट. तुला गिफ्ट," नितीन म्हणाला.

भाताच्या तळाची खरपुडी मी चमच्यानं खरवडून खाल्ली. फार चांगली होती, पण चव लागली नाही. मुग्धा माझ्या मनगटाकडे बघून राहिली होती. असा डाग दोन-तीन माणसं हाताखाली ठेवणाऱ्या बाईच्या हातावर नसतो, एवढं तिलाही कळत असेल.

तिला घरी सोडलं. आम्ही दोघंच उरल्यावर मी म्हटलं, "काहून लाजतं रे माझं पोट्टं माझ्या पोळ्यांना?"

"लाजत नाही, आई."

"मग?"

"आता सांगितलं तर ती म्हणेल, तीन वर्षं खोटं बोललास. तुझ्या कामाचं नाही ग, माझ्या खोट्याचं वाटून राहिलं मला." बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडून नागपूर निघालं.

मला राग आला होता आणि दयाही येत होती. उगाच पिशवीत हात घातला, तर डबा नाही. पोळ्यांसकट हॉटेलात राहिला!

रविवार, व्हिएन्ना

व्हिएन्ना म्हणजे ते युरोपातलं नव्हे, हर्नडनच्या जवळचंच गाव. तिथल्या मोठ्या बागेत कोरियन लोकांनी एक घंटा बांधली आहे. मुग्धा येईल की नाही अशी धाकधूक होती. आली. गाडीत मात्र तिचं आणि नितीनचं बोलणं फक्त रस्त्याबद्दल.

बागेत आधी लाकडी खांब लागतात, वर डोळे वटारलेले, दात विचकलेले चेहरे कोरलेले. वेशीवरचे राखणदार असावेत. पुढं काळ्या दगडाचे दोन आजोबा, गोल टोपी घातलेले, हात पोटावर. आपल्याकडे असते तर एव्हाना शेंदूर लागला असता. आणि मग चार कोपरे वर वळलेलं रंगीत छप्पर, त्याच्याखाली ती घंटा. माणूस आत उभा राहील एवढी. अंगावर फुलं कोरलेली, त्यातलं एक मला जास्वंदीसारखं वाटलं. आत लोलक नाही. बाहेर साखळ्यांना एक ओंडका आडवा टांगलेला, तो मागं ओढून घंटेवर आपटायचा. पण ओंडका बांधून ठेवलेला.

"वाजवायची नाही?" मी विचारलं.

"खास दिवशीच वाजवतात बहुतेक," मुग्धा म्हणाली.

घंटा आहे आणि वाजवायची नाही! देवळात शिरताना हात आपोआप वर जातो तसा माझा गेला होता, तो तसाच खाली घेतला. मी घंटेला एक फेरी मारली, मग दुसरी. मुग्धा पायरीवर बसली होती. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, "काकू, एक विचारू? तुमच्या बिझनेसचं नाव काय होतं?"

नितीन समोरच उभा होता. मला वाटलं, आता सांगेल. एक वाक्य तर आहे. पाखरं ओरडत होती, कुणाचं तरी बाळ रडत होतं.

"त्याला विचार," मी म्हटलं. "नाव त्यानंच ठेवलं होतं."

नितीननं तोंड उघडलं. आणि मग माहितीची पाटी वाचायला निघून गेला. असा संताप आला मला! तो ओंडका सोडून द्यावा आणि होऊन जाऊ दे एकदाचा आवाज, असं वाटलं. मुग्धानं पुन्हा विचारलं नाही. मी म्हटलं, "चला, माझा डबा आणायचाय."

पुन्हा ॲनंडेल

दुपारची गर्दी ओसरली होती. ती बाई कोपऱ्यातल्या टेबलावर मोड आलेल्या दाण्यांचा ढीग घेऊन बसली होती, एकेक उचलून शेपूट खुडत होती. आम्हाला पाहून उठली, आत गेली आणि माझा डबा घेऊन आली. जड लागला. उघडून पाहिला तर काठोकाठ लाल कोबी, माझी बोटं तिखटानं माखली. पोळ्या कुठं म्हणून मी हातानं खूण केली, तर तिनं पोटावर हात फिरवला आणि अंगठा दाखवला. खाल्ल्या होत्या! रिकामा डबा परत देऊ नये, हे तिलाही कुणीतरी शिकवलं असणार.

मी तिथंच बसले आणि शेपट्या खुडायला लागले. तिनं नको म्हटलं नाही, ढीग थोडा माझ्याकडे सरकवला. चार महिन्यांत पहिल्यांदा मी येरझारा न घालता एका जागी बसले होते. दोघं पोरं बाजूला उभी.

ती माझ्या बोटांकडे बघत होती. मग नितीनला विचारलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, "युवर मदर, कुक?"

"येस," नितीन म्हणाला. मी मान वर केली नाही. आता ते केटरिंग निघणार, म्हणून वाट बघत राहिले. त्यानं ढिगातला एक दाणा उचलला, परत ठेवला. मग म्हणाला, "इन अदर पीपल्स हाउसेस. ट्वेंटी-टू इयर्स."

एवढं इंग्रजी मला कळतं. माझ्या हातातला मोड मधूनच तुटला.

ती बाई 'आइगो' म्हणाली, या वेळी हळू. छातीला हात लावून म्हणाली, "मी, पीपल कॉल इमो." मग माझ्याकडे बोट केलं. "शी?"

"शी, टू," नितीन म्हणाला. "इमो." आणि त्याला रडू आलं. बत्तीस वर्षांचा घोडा, उभ्याउभ्या बाहीनं डोळे पुसत होता. मराठीत जे त्याच्या घशात अडकलं होतं ते परक्या भाषेत, परक्या बाईपुढे बाहेर पडलं. पडलं खरं. मीही रडले, तिखटाचे हात डोळ्यांना लावले आणि आणखी रडले. ती बाई धावत जाऊन ओला टॉवेल घेऊन आली.

मुग्धा खाली बसली आणि तिनंही दाणे खुडायला घेतले, नको तिथून. ढीग संपला तेव्हा आम्ही निघालो. डबा मुग्धानं घेतला.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा ती म्हणाली, "नितीन, तू हे मला सांगितलं नाहीस, त्याचं आपण नंतर बघू. ते इतकं सोपं नाहीये."

"हो," नितीन म्हणाला.

मग ती मागं वळली. डबा मांडीवर धरलेला, झाकणातून लसणाचा वास सुटला होता. "काकू, मला काल तुम्ही उठलात तेव्हाच कळलं. आमच्याकडे पुण्याला पोळ्यांना मावशी होत्या. मी पहिलीत होते तेव्हापासून, इंजिनिअरिंगला जाईपर्यंत. मी वाढा म्हटलं की त्याही अशाच उठायच्या, हातातला चहा तसाच ठेवून. काल घरी गेल्यावर त्यांची इतकी आठवण आली. आईला फोन केला, म्हटलं, त्यांचं नाव काय होतं गं? तर आईलाही माहीत नाही." तिनं डबा घट्ट धरला. "काकू, तुमचं नाव काय?"

विमानतळावरच्या साहेबानं पासपोर्ट बघून तुकडे तुकडे करून घेतलं होतं, तेवढंच. त्यानंतर चार महिन्यांत कुणी घेतलं नव्हतं.

"शकुंतला," मी म्हटलं. माझ्याच तोंडाला ते अनोळखी लागलं.

"शकुंतलाकाकू," मुग्धा म्हणाली, एकेक अक्षर स्वच्छ.

मला इतकं बरं वाटलं की मी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. मिटले न मिटले तोच ताडकन सरळ बसले.

"नितीन, गाडी वळव."

"आता काय राहिलं, आई?"

"वळव म्हणते ना. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं."